इंदूआत्याचं विमान आणि तारापूरचे बोंबील

हवापालटाला लोक महाबळेश्वरला जातात, गेला बाजार माथेरानला तरी जातात. मी पालघरला गेलो. आमच्या मजल्यावर ही बातमी फुटली तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं, मला क्षय झाला असावा. मग वाटलं, नोकरी लागली असावी. दुसरी शंका जास्त अपमानास्पद होती, कारण ती बोलून दाखवताना लोक हसत होते.

खरं कारण कुमुद. ती आमच्या मजल्यावर तीन खोल्या सोडून राहते. इंटर सायन्सला पहिला वर्ग, आणि डॉक्टर व्हायला पुण्याला जायचं एवढंच तिचं म्हणणं. तिचे वडील तात्या हे पोस्टात आहेत, शांत गृहस्थ आहेत, पण पुणे हा शब्द काढला की एकच वाक्य बोलतात: "आमच्या घरातली एक उडाली, तेवढी पुरे."

ही उडालेली म्हणजे तात्यांची धाकटी बहीण, इंदूआत्या. मोठ्या लढाईच्या आधी ती विमान चालवायला शिकली. लढाई सुरू झाल्यावर लहान विमानं एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवायचं काम करू लागली. एक दिवस मुंबईहून बडोद्याला म्हणून एकटी निघाली, आणि बडोद्याला ना ती पोचली ना विमान. कुणा अधिकाऱ्याबरोबर पळाली, असं तात्यांनीच सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून चाळीत तिचं नाव कुणी घेत नाही, पण मुलींना दटावायला तिचा उपयोग रोज होतो.

गेल्या वर्षीच्या लढाईत आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवत होतो, तेव्हा कुमुद मला म्हणाली, "पळाली म्हणे विमान घेऊन. विमान काय गळ्यातली साखळी आहे, मोडून खायला?"

मी त्या क्षणी ठरवलं. माझा हिशेब सरळ होता. विमान शोधायचं. आत्या पळाली नाही, काम करता करता गेली, हे सिद्ध करायचं. म्हणजे तिच्या नावावरचा डाग जाईल, कुमुद पुण्याला जाईल, आणि मग तिला माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटेल. या हिशेबातल्या शेवटच्या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला होता. कॉलेज मी तोवर सोडलेलंच होतं, त्यामुळे वेळ भरपूर होता.

धागा एकच हाती होता. विमानं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने कुमुदला कधीतरी सांगितलं होतं की ते विमान दुसऱ्या एका वैमानिकाला शेवटचं दिसलं ते पालघरच्या किनाऱ्यावर, धुक्यात खाली खाली उतरताना. कुमुदने मला आत्याचा एक फोटो दिला. विमानाच्या पंखाला टेकून उभी, कातड्याची टोपी मागे सरकवलेली, कानात मोत्याच्या कुड्या, आणि चेहऱ्यावर असं हसू की आमच्या चाळीत तसं हसलेलं चालत नाही.

पौषातल्या एका सकाळी दादरहून निघालो. विरारला गाडी बदलावी लागते. तिथून डहाणूकडे जाणारी गाडी मिळते, ती प्रत्येक स्टेशनावर उभी राहून विचार करते. वैतरणेचा पूल आला की डाव्या बाजूच्या खिडकीत बसलेलं बरं. खाडी, मिठागरं, बगळे, सगळं आयतं दिसतं. इंजिनाचे कोळसे डोळ्यांत जातात म्हणून मी काळा चष्मा घेतला होता. हा चष्मा मला पुढे चांगलाच भोवला.

पालघरला उतरलो. स्टेशनाबाहेर चहा बरा मिळतो, भजी टाळावी. मला वाटलं होतं, असं विमान पडलं म्हणजे गावात एखादा तरी दगड, खांब, निदान एखादी दंतकथा असेल. मी चहावाल्यापासून सुरुवात केली. समुद्रातून कधी काही वर आलंय का, कुणी घरात लपवून ठेवलंय का, असं मी अगदी मोकळेपणाने विचारत होतो. चहावाला एकदम फार सभ्य झाला. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. शेजारच्या शिंप्याने तर मशीन थांबवून सांगितलं की आपण बापजन्मी समुद्र पाहिलेला नाही. समुद्र तिथून दोन कोसांवर आहे.

शेवटी एकजण म्हणाला, दातिवऱ्याला बघा. दुसऱ्या दिवशी मी सफाळ्यापर्यंत गाडीने मागे आलो आणि पुढे कधी बैलगाडीने, कधी पायी असा दातिवऱ्याला पोचलो. ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळीच निघावं, रस्त्यात धूळ घोट्यापर्यंत येते. गाव मात्र सुरेख आहे. खाडीचं तोंड, ओळीने लावलेल्या होड्या, वाळवणाचा वास. तो वास पहिल्या तासाला नाकाला झोंबतो, आणि दुसऱ्या तासाला पोटात भूक उठवतो. तिथे मला तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण मिळालं, आणि माहिती काडीचीही मिळाली नाही. होडीला डांबर लावणाऱ्या एका म्हाताऱ्याने माझा चष्मा पाहिला, फोटो पाहिला आणि म्हणाला, "आमच्यात असलं काय नाय, सायेब. तारापूरला बगा. तिथं समदं असतं."

मला संताप आला. बाईमाणूस देशाच्या आकाशातून पडतं आणि यांना त्याचं काही नाही. हे मी मोठ्याने बोललो. त्यावर तिथली एक बाई शांतपणे म्हणाली की ओरडून मासा जाळ्यात येत नाय, आणि मला आणखी एक भाकरी वाढली. संतापाच्या भरात मी तीही खाल्ली.

तिसऱ्या दिवशी बोईसर. बोईसर आता ओळखू येत नाही, असं तिथले लोकच म्हणतात. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे स्टेशनाबाहेर ट्रक, सिमेंट, खाटा, ट्रंका आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं. भाड्याची खोली मिळायची असेल तर आधीच्या भाडेकरूचं लग्न ठरावं लागतं. एका हिंदी बोलणाऱ्या मुकादमाने मला उन्हात उभा पाहून थेट विचारलं, "काम चाहिए? लिखना आता है?" मी म्हटलं, मी संशोधन करतो. तो म्हणाला, "वो तो सब पहले पहले करते हैं." त्याच्याबरोबर मी चहा घेतला. माझी चौकशी ऐकून तो हसत सुटला, आणि हसणं थांबल्यावर त्याने माझा भ्रम दूर केला. सोन्यावर बंदी आलेली, किनाऱ्यावर कस्टमवाल्यांच्या धाडी पडतात, आणि अशात शहरातला एक पोरगा काळा चष्मा लावून गावोगाव विचारत फिरतो, समुद्रातून काय वर आलं आणि कुणाच्या घरात आहे. वर हातात बाईचा फोटो. मला जेवायला घालून परत पाठवलं हीच लोकांची मेहेरबानी होती.

चष्मा मी तिथेच खिशात टाकला. तारापूरपर्यंत एसटीने गेलो. बस भरलेली असते, पण कंडक्टर सगळ्यांना घेतो, कारण नाही घेतलं तर लोक ट्रकने जातात. चिकूच्या आणि ताडांच्या रांगा, मध्येच एखादी क्रेन आभाळात मान काढून उभी, मग पुन्हा ताड. राहायला जागा कुठेच नव्हती. पडक्या किल्ल्याच्या बाजूला मासेमारांची वस्ती आहे, तिथे एका घराच्या पडवीत जागा मिळाली. घर काशिनाथ तांडेलांचं. साठीचा माणूस, बोलणं फार थोडं. बायको हिराबाई. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली की कस्टमवाला इतका रोडका नसतो, राहू द्या.

दुपारी अंगणात बांबूच्या मांडवावर ती बोंबील वाळत घालत होती. बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोड्या करायच्या आणि दांडीवर टांगायच्या, हे काम ती न बघता करत होती. मी तांडेलांना विमानाबद्दल विचारलं. ते म्हणाले, विमान कुणी बघितलं नाय. मी म्हटलं, सगळे हेच सांगतात. ते म्हणाले, मग खरं असंल.

माझं डोकं फिरलं. तीन दिवसांची धूळ, तीन गावांचं नाय आणि पोटातली भूक सगळी एकदम तोंडावाटे बाहेर पडली. समुद्रात पडलेल्या माणसाच्या वस्तू लुटून खाणारी जमात, असंही काहीतरी मी बोललो. फोटो त्यांच्यासमोर जमिनीवर आपटला आणि पिशवी उचलायला आत वळलो.

हिराबाईने हात पदराला पुसून फोटो उचलला. उन्हाकडे धरला. मग म्हणाली, "आवं, हिकडं या. आपली बाय हाय ही."

तांडेल आले. त्यांनी फोटो हातात घेतला नाही, नुसता पाहिला आणि खाली बसले. मीही बसलो. पुढचं त्यांनी सांगितलं ते समुद्राकडे बघत, आणि मी मध्ये बोललो नाही, हे माझ्या बाबतीत नमूद करण्यासारखं आहे.

लढाईच्या दिवसांत, थंडीच्या एका सकाळी दाट धुकं होतं. वर एक विमान घरघरत गेलं आणि आवाज एकदम तुटला. दुसऱ्या दिवशी त्यांचं जाळं जड लागलं. मोठा मासा असेल म्हणून ओढलं, तर माणूस. पायात बूट, डोक्यावर कातड्याची टोपी. कुणी गोरा पोरगा असेल असं वाटलं. टोपी काढली तेव्हा वेणी खाली आली.

"मग पोलिसांत का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"लढाईचे दिस. होडीला परवाना. सांगितलं असतं तर बाय बी गेली असती आनि होडी बी. तिला कुनी कापलं असतं, कुठं नेलं असतं, कोन जानं."

त्यांच्या घराची रीत अशी की ज्याच्या जाळ्यात माणूस येतो, त्याचा तो होतो. आग त्याने द्यायची, सुतक त्याने धरायचं. बोंबलांचा ऐन हंगाम, सगळ्या होड्या पाण्यात, आणि तांडेलांची होडी दहा दिवस वाळूवर. वस्तीत विचारलं तर सांगायचे, बहीण गेली. त्यांना बहीण नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी पुढे विचारलं नाही. दर नारळी पौर्णिमेला हिराबाई समुद्राला एक नारळ जास्त वाहते, नणंदेचा म्हणून.

मी तीन दिवस विमान शोधत होतो. या किनाऱ्यावर विमान कुणी पाहिलंच नव्हतं. इथे काशिनाथ तांडेलांची बहीण वारली होती, आणि ते मी कुणाला विचारलं नव्हतं.

हिराबाईने आत नेलं. देव्हाऱ्यात कलशाच्या गळ्याला लाल दोऱ्याने बांधलेली मोत्याची एक कुडी होती. दुसरी पाण्यात गेली. मी फोटो शेजारी धरला. तीच.

"तू कोन तिचा?" हिराबाईने विचारलं.

इथे मी म्हणालो, तिच्या भावाचा जावई. हे तोंडातून कसं निघालं ते मला माहीत नाही. निघालं तेव्हा मात्र फार बरं वाटलं.

त्यानंतर माझा दर्जा बदलला. पाटावर बसवलं. भरलेला पापलेट आला, बोंबलाचं कालवण आलं, तांदळाच्या भाकऱ्या मोजायची सोय ठेवली नाही. शेजारपाजारच्या बाया दारात येऊन मला बघून गेल्या. आमच्या पोरीला का नाय आनली, यावर मी म्हटलं, ती पुण्याला डॉक्टरीला आहे. एक थाप मारली की दुसरी अगदी सहज येते. एक बाई म्हणाली, जावाई दिसायला बेताचा हाय, पन खातो चांगला.

जेवल्यावर मी कुडी मागितली. पुरावा हवा होता, त्याशिवाय तात्या काय ऐकणार? हिराबाईने सरळ नाही म्हटलं. मी पुन्हा तापलो. म्हटलं, ती आमच्या घरची वस्तू आहे.

"जावायबापू," ती म्हणाली, "वीस वर्सं तुमच्या घरचं कोन आलं? भाऊ येऊ द्या. त्याच्या हातात देईन."

संध्याकाळच्या भरतीला तांडेलांनी मला किनाऱ्यावर नेलं. किल्ल्याचा कोपरा आणि समोरचं एकटं ताडाचं झाड एका रेषेत आलं की त्या रेषेवर बाहेर खडकाळ जागा आहे, तिथे जाळं फाटतं. विमान असलंच तर तिथे. मी पाहिलं. पाणी होतं. प्रवाशांनी मुद्दाम जाऊन बघावं असं तिथे काहीही नाही, आणि मी सूर्य पार बुडेपर्यंत तिथून हललो नाही.

परतीचा प्रवास बोईसरहून थेट केला. बरोबर हिराबाईने बांधून दिलेले सुके बोंबील होते, त्यामुळे डब्यात बसायला ऐसपैस जागा मिळाली.

संध्याकाळी तात्या दारात खुर्ची टाकून बसले होते. कुमुद आत भाजी निवडत होती. मी वाटेत भाषण तयार केलं होतं, वकिलाने उलटतपासणी घ्यावी तसं. ते मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. धुकं, जाळं, टोपी, वेणी, कुडी. तुम्ही सख्ख्या बहिणीला पळपुटी ठरवलंत, हे शेवटचं वाक्य होतं आणि ते मला फार आवडलं होतं.

तात्यांनी एकच विचारलं. "सुतक कुणी धरलं?"

मी सांगितलं.

मग तात्या सांगायला लागले, ते जणू पोस्टातल्या एखाद्या प्रकरणाबद्दल. विमान पोचलं नाही म्हटल्यावर इंदू गेली हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण त्यांच्या आईने अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, ही जाणार. तेव्हा तात्या तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, इंदू जिवंत आहे, एकाबरोबर पळाली आहे. आई उठून बसली. इंदूला शिव्या घालत तिने पेज घेतली. पुढे पंधरा वर्षं ती त्या शिव्यांवर जगली.

"आई गेल्यावर खरं सांगायला हवं होतं," तात्या म्हणाले. "पण तोवर मलाच सवय लागली होती. रस्त्यात तिच्यासारख्या वेणीची बाई दिसली की मी वळून बघायचो."

कुमुद दारात येऊन उभी होती. हातात मेथीची जुडी. ती बापाशी कधी वर आवाजात बोललेली मी ऐकली नाही, तेव्हाही नाही.

"मग मला पुण्याला का नाही पाठवलंत? ती पळाली नव्हती हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"ती मेली हे माहीत होतं म्हणून," तात्या म्हणाले.

मग ते उठले. मोरीत गेले. अंगात पोस्टाचा सदरा, धोतर, खिशात चष्मा, सगळं तसंच. घागर उचलली आणि डोक्यावर ओतली. उशिरा कळलेल्या मृत्यूचं स्नान. वीस वर्षांनी धरलेलं सुतक तेवढ्या एका घागरीत फिटतं, असं शास्त्र आहे. तात्यांनी मात्र दुसरी भरून घेतली, मग तिसरी. कुमुद पंचा घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. मला कुणी जा म्हटलं नाही, तरी मी गेलो. भाषणाचा अभिमान त्या तीन घागरींत कुठे वाहून गेला, कळलं नाही.

पुढच्या रविवारी बापलेक तारापूरला गेले. मला बरोबर चल म्हणाले नाहीत. रस्ता कसा, बस कधी, पडवीत झोपायचं कसं, हे सगळं मीच त्यांना समजावलं. परत आले तेव्हा तात्यांच्या हातात कुडी नव्हती. हिराबाई दोरा सोडायला निघाली होती, यांनीच थांबवलं. म्हणाले, असू दे, इतकी वर्षं सांभाळलीत. तांडेलांनी आणि त्यांनी किनाऱ्यावर बसून काय बोलणं केलं ते कुमुदने सांगितलं नाही. दोघेही कमी बोलणारे, त्यामुळे फार नसावं.

मग तात्यांनी मला गॅलरीत बोलावलं.

"तिथे तू आमचा जावई आहेस म्हणे."

मी कठड्याकडे बघत राहिलो.

"मी तिथे काही बोललो नाही. आत्ताच कुठे एका खोट्यातून सुटलोय. ते माझं होतं, वीस वर्षं पोसावं लागलं. हे तुझं आहे. एकतर जाऊन त्या बाईला खरं सांग, नाहीतर..." ते थांबले, आणि आतून भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला. "नाहीतर आधी बी.ए. तरी हो."

"माझीच पाच वर्षं आहेत अजून," आतून कुमुद म्हणाली. कुणाला उद्देशून ते स्पष्ट नव्हतं. मी ते माझ्या सोयीने घेतलं आहे.

जूनमध्ये ती पुण्याला गेली. माझ्या हिशेबात एक चूक होती, ती मला तिची वळकटी स्टेशनवर वाहताना कळली: माझा प्रवास यशस्वी झाला की ती इथून जाणार होती. एवढी साधी गोष्ट मी दादरहून तारापूरपर्यंत जाऊन-येऊनही पाहिली नव्हती. मी पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसलो आहे. हिराबाईला अजून खरं सांगितलेलं नाही.

आमच्या मजल्यावर इंदूआत्याचं नाव आता मोठ्याने घेतात. तिचा तो हसरा फोटो तात्यांनी भिंतीवर लावला आहे. पण कुमुद सुट्टीहून परत पुण्याला निघाली की तिचं पोचल्याचं पोस्टकार्ड येईपर्यंत तात्या नीट जेवत नाहीत. पोस्टातलाच माणूस, कार्डाला किती वेळ लागतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मीही जेवत नाही. पण मला कुणी विचारत नाही.